मीठ पाझरेल इतकी ओल

श्रोतेहो, पावसाळ्यातली कोकणातली घरं तुम्हाला ठाऊक आहेत. मृगाचा पाऊस स्थिरावला की आठवड्याभरात चपलांच्या पट्ट्यांवर हिरवट भुरा चढतो. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो, पुस्तकांच्या बांधणीवर पांढरे ठिपके उमटतात आणि बरणीतलं मीठ पाझरू लागतं. मग आपण कपाटात डांबरगोळ्या ठेवतो, ऊद-लोबानाची धुरी देतो, मिठात तांदळाचे दाणे टाकतो. दमट हवा आपली वैरीण आणि बुरशी तिची सख्खी बहीण, असा आपला जन्माचा समज. आपल्या भाषेनेही बुरशीची बाजू कधी घेतलेली नाही. जुनाट विचारांना आपण 'बुरसटलेले' म्हणतो, ते काही कौतुकाने नव्हे.

पण ज्याला श्वास घ्यायलाच दमट हवा लागते, असा एखादा जीव घरात पाळला असेल तर? ज्या हवेत तो जगतो त्याच हवेत बुरशीही फोफावते. हवा कोरडी केली तर जीव जातो आणि दमट ठेवली तर पेटीभर बुरशी येते. हे कोडं कसं सोडवायचं, याविषयी आज बोलायचं आहे. हा जीव म्हणजे शंखात राहणारा खेकडा. इंग्रजीत त्याला हर्मिट क्रॅब म्हणतात आणि अमेरिकेत लहान मुलं तो हौसेने पाळतात.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. तिथल्या समुद्रकिनाऱ्यांवर लाकडी फळ्यांचे लांबच लांब रस्ते आहेत, त्यांना बोर्डवॉक म्हणतात. उन्हाळ्यात तिथे आपल्याकडच्या जत्रेसारखी दुकानं लागतात आणि त्यांत तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यांत हे खेकडे विकायला असतात. पाठीवरचा शंख रंगवलेला, कधी त्यावर कार्टूनचं चित्र. माझ्या दहा वर्षांच्या भाच्याने असे दोन खेकडे घरी आणले. दुकानदाराने पिंजरा दिला, मूठभर रंगीत खडी दिली, भिजवून ठेवायला एक स्पंज दिला आणि 'याला काही करावं लागत नाही' असा सल्लाही दिला. थंडी पडली, घर गरम ठेवणारी यंत्रणा सुरू झाली आणि डिसेंबरात त्यातला एक खेकडा मेला. त्याच सुमारास मी तीन महिन्यांसाठी बहिणीकडे गेलो होतो. दुसरा खेकडा शंखातून अर्धवट लोंबत कोपऱ्यात पडून असायचा. "मामू, हाही मरणार का?" असं भाच्याने विचारलं. माझा विज्ञानाशी संबंध शाळेपुरता. पण मुलाच्या प्रश्नाला कवितेने उत्तर देता येत नाही. आम्ही दोघं वाचायला बसलो. त्या हिवाळ्यात जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

अमेरिकेत विकला जाणारा हा खेकडा बहुधा कॅरिबियन बेटांवरचा असतो. त्याचं शास्त्रीय नाव सीनोबिटा क्लायपिएटस. डावी नांगी मोठी आणि जांभळट. त्याच्या अंगाचा मागचा भाग मऊ, कवच नसलेला. त्यामुळे मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख तो घर म्हणून वापरतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. आपण म्हणतो, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. पण खरं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतो तो हा. 'हर्मिट' म्हणजे एकांतात राहणारा, हे नाव मात्र त्याला शोभत नाही. निसर्गात हे खेकडे मोठ्या जमावाने राहतात. एखादा चांगला शंख सापडला तर लहान-मोठ्या आकाराप्रमाणे रांग लावतात आणि प्रत्येक जण आपल्यापेक्षा मोठ्याने सोडलेल्या शंखात शिरतो. चाळीतली खोली रिकामी झाल्यावर होते तशी ही हलवाहलव.

आता मुद्द्याची गोष्ट. हा खेकडा जमिनीवर राहतो, पण श्वास घेतो तो कल्ल्यांनी. माशांसारखे हे कल्ले, फक्त जमिनीवरच्या आयुष्यासाठी थोडे बदललेले. ते ओले असतील तरच त्यांतून प्राणवायू रक्तात जातो. त्यासाठी तो शंखात थोडं पाणी साठवून हिंडतो आणि भोवतालची हवा दमट असावी लागते. हवेची सापेक्ष आर्द्रता 75 ते 85 टक्के असेल तर त्याला बरं. ती 70च्या खाली दीर्घकाळ राहिली की कल्ले सुकू लागतात आणि खेकडा हळूहळू गुदमरतो. हे एका दिवसात होत नाही. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. म्हणूनच 'चांगला होता, अचानक मेला' असं लोकांना वाटतं. जाळीच्या पिंजऱ्यात भिजवलेला स्पंज ठेवणं म्हणजे अंगणात पाण्याची वाटी ठेवून घर दमट होईल अशी आशा करणं.

सापेक्ष आर्द्रता हा शब्द हवामानाच्या बातम्यांत आपण रोज ऐकतो. त्याचा अर्थ सोपा आहे. हवा ही पिशवीसारखी धरा. हवा तापली की पिशवी मोठी होते, गार झाली की लहान. वीस अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम पाण्याची वाफ मावते, तीस अंशांना सुमारे 30 ग्रॅम. पिशवी किती टक्के भरलेली आहे, ती सापेक्ष आर्द्रता. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात बाहेर शून्य अंश तापमान असतं. त्या गारठ्यात हवेत पाच ग्रॅमसुद्धा वाफ मावत नाही. तीच हवा घरात येऊन एकवीस अंशांपर्यंत तापवली जाते. वाफ तेवढीच, पिशवी मात्र जवळजवळ चौपट मोठी. म्हणून घरातली आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास येते. माणसाचे ओठ फुटतात, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात आणि खेकडा गुदमरतो. पहिला खेकडा डिसेंबरातच का मेला, त्याचं उत्तर या हिशेबात आहे.

आता आर्द्रता मोजायची कशी? बाजारात आर्द्रतामापक मिळतात. आकड्यांचे, म्हणजे डिजिटल, त्यातल्या त्यात बरे. काट्याच्या तबकडीवर फार विसंबू नये. पण डिजिटल यंत्रही चुकीचं सांगू शकतं. ते तपासायची रीत मला फार आवडली, कारण ती आपल्या मिठाच्या बरणीतूनच आली आहे. शुद्ध मिठाचा एक ठराविक स्वभाव आहे. हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. त्याखाली ते कोरडं राहतं. आपलं खडेमीठ त्याआधीच ओलावतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते पाण्याचे फार लोभी. या स्वभावाचा उपयोग असा करायचा. बाटलीच्या बुचात साधं शुद्ध मीठ घ्यायचं, त्यात पाण्याचे थोडे थेंब घालून ओल्या रेतीसारखा लगदा करायचा. मीठ पूर्ण विरघळू द्यायचं नाही. ते बूच आणि आर्द्रतामापक एका घट्ट बंद पिशवीत किंवा बरणीत शेजारी शेजारी ठेवायचं. दहा-बारा तासांनी आतली हवा 75 टक्क्यांवर येऊन थांबते. यंत्राने 75 दाखवलं तर ते खरं. कमी-जास्त दाखवलं तर तेवढा फरक लक्षात ठेवायचा.

भाच्याने ही तपासणी केली तेव्हा यंत्राने 85 दाखवले. म्हणजे ते दहाने फुगवून सांगत होतं. नव्या काचेच्या पेटीत आकडा 78 दिसत होता आणि आम्ही समाधानात होतो. खरी आर्द्रता 68 होती. खेकडा अजून काठावरच उभा होता.

ही आर्द्रता वाढवायची, ती पाणी शिंपडून नव्हे. इथेच बहुतेकांची वाट चुकते. रोज फवारा मारला की आकडा तासभर वर जातो आणि पुन्हा खाली येतो. पाणी मात्र वाळूत मुरून तळाशी साचतं. खरा उपाय आहे तो झाकणाचा. जाळीचा पिंजरा काढून काचेची पेटी घ्यायची आणि तिच्यावर काचेचं किंवा जाड प्लास्टिकचं झाकण बसवायचं. खेकड्याला खाणं ठेवताना रोज झाकण उघडतं, तेवढ्याने हवाही बदलते. पेटीत पाण्याची दोन भांडी हवीत, एक गोड्या पाण्याचं आणि एक खाऱ्या. खारं पाणी मत्स्यपेट्यांसाठी मिळणाऱ्या समुद्री मिठाचं करायचं, स्वयंपाकघरातल्या आयोडीनयुक्त मिठाचं नव्हे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारं औषध मिळतं, ते वापरावं. पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडतं, पण अनेक शहरांत पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते तसं उडत नाही. खेकड्याला भांड्यात उतरता आणि चढता यावं म्हणून दगड किंवा जाळीची उतरण ठेवायची. ही दोन भांडी आणि ओली वाळू, एवढ्याने झाकलेल्या पेटीत पुरेशी वाफ राहते.

वाळूचंही गणित आहे. पाच भाग बारीक वाळू आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा. तिकडच्या दुकानांत या भुश्याच्या विटा मिळतात आणि त्यांपैकी पुष्कळ भारत-श्रीलंकेतून आलेल्या असतात. माझ्या बहिणीने वेष्टनावर आपल्या देशाचं नाव पाहिलं तेव्हा तिला माहेरची वस्तू भेटल्यासारखं झालं. वाळू किती ओली हवी? किनाऱ्यावर मुलं किल्ला करतात तेवढी. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. जाडी निदान सहा इंच, खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट. तापमान चोवीस ते एकोणतीस अंश. त्यासाठी विजेची गरम चटई लावायची ती पेटीच्या मागच्या बाजूला, बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर. तळाखाली लावली तर वाळू सुकते आणि आत पुरलेला खेकडा भाजून निघतो.

एवढं झाल्यावर भाच्याचा खेकडा आठवड्याभरात हिंडू-फिरू लागला, रात्री शंखाचा खडखडाट ऐकू येऊ लागला. आणि दहाव्या दिवशी बुरशी आली. पेटीतल्या लाकडाच्या ओंडक्यावर कापसासारखे पांढरे पुंजके, सफरचंदाच्या फोडीवर हिरवी पूड आणि करवंटीच्या आत काळे ठिपके. बहीण हवालदिल झाली. "भाईजान, हे सगळं उचलून बाहेर टाकू का? नाहीतर ब्लीच मारते." तिच्या नवऱ्याला धुळीचा त्रास, त्यामुळे तिची काळजी खोटी नव्हती.

पण बुरशी म्हणजे काय हे आधी समजून घ्यायला हवं. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, आपल्या घरात, या स्टुडिओत, डोंगरावर. ते हद्दपार करता येत नाहीत. लंडनच्या प्रयोगशाळेत 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत असाच एक बीजाणू उडून पडला आणि त्यातून पुढे पेनिसिलिन हाती आलं. बीजाणू रुजायला तीन गोष्टी लागतात: ओल, खाणं आणि निवांतपणा. खेकड्याच्या पेटीत ओल कमी करता येत नाही, तो त्याचा श्वास आहे. मग उरतात दोन गोष्टी. बुरशीचं खाणं काढायचं आणि तिचा निवांतपणा मोडायचा. कोड्याचं उत्तर एवढंच आहे.

खाणं काढायचं म्हणजे उरलेलं अन्न चोवीस तासांत उचलायचं. अन्न वाळूवर न टाकता लहान ताटलीत ठेवायचं, म्हणजे उचलणं सोपं. खेकडे दाण्यासारखे तुकडे वाळूत लपवतात, तेही शोधायचे. करवंटी ठेवायची तर खोबऱ्याचा कण न कण खरवडून, उकळून, उन्हात वाळवूनच. लाकूडही आधी उकळून किंवा भट्टीत मंद आचेवर तापवून घ्यायचं. देवदार आणि पाइनचं लाकूड टाळायचं. नव्या लाकडावर पहिल्या काही आठवड्यांत येणारा पांढरा कापूस बहुधा निरुपद्रवी असतो. लाकडातली वरवरची साखर संपली की तो आपोआप ओसरतो. हिरवे-काळे डाग मात्र राहू द्यायचे नाहीत. ती वस्तू बाहेर काढून गरम पाण्याने घासायची आणि पुन्हा उकळायची. घासताना कोरडं घासू नये, बीजाणू उडतात; ओल्या फडक्याने पुसावं. घरात दमेकरी असेल तर हे काम दुसऱ्याने, नाक-तोंड झाकून करावं.

निवांतपणा मोडायला निसर्गातलेच कामगार मिळतात. स्प्रिंगटेल नावाचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे पांढरे जीव असतात. ओल्या मातीत, पाल्याखाली जगभर राहतात, आपल्या परसातल्या कुंडीखालीही असतात. बुरशी हेच त्यांचं आवडतं खाणं. खेकड्याला ते काही करत नाहीत. मूठभर सोडले की काही आठवड्यांत पेटीत त्यांची वस्ती होते आणि डोळ्याला दिसण्याआधीच ते बुरशी चरून टाकतात. खाणं संपलं की त्यांची संख्याही आपोआप कमी होते. भाचा त्यांना 'झाडूवाले' म्हणायचा. मी त्याला सांगितलं, "झाडूवाले नव्हे, शेतकरी म्हण. ते पीक कापून खातात."

काचेवर पाण्याचे थेंब दिसले की पुष्कळ लोक घाबरून झाकण उघडं ठेवतात. थेंब म्हणजे आर्द्रता फार झाली असं नेहमीच नसतं. काच बाहेरून गार असली की आतली वाफ तिच्यावर जमते, जशी बर्फाच्या पाण्याच्या ग्लासावर जमते. हिवाळ्यात पेटीच्या मागच्या काचेला बाहेरून थर्माकोल लावला की थेंब कमी होतात. काळजी करायची ती तळाची. वाळूच्या तळाशी काचेतून पाण्याची रेघ दिसू लागली, कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर तळ बुडाला आहे असं समजायचं. तिथे हवा पोहोचत नाही, सडणारे जिवाणू वाढतात आणि वाळूत पुरलेला खेकडा धोक्यात येतो. वाळूचं पाणी रोखणं हे बुरशी पुसण्यापेक्षा महत्त्वाचं.

पुरलेला खेकडा म्हणतोय, कारण या सगळ्यातला सर्वांत नाजूक काळ तोच. खेकड्याचं कवच वाढत नाही, म्हणून त्याला ते टाकून नवं घ्यावं लागतं. त्यासाठी तो वाळूत खोल बीळ करून जातो. लहान खेकडा महिना-दीड महिना, मोठा दोन-तीन महिने किंवा त्याहून जास्त. तिथे तो कात टाकतो, टाकलेलं कवच खातो आणि नवं कवच टणक होईपर्यंत अंधारात थांबतो. जानेवारीच्या मध्यावर भाच्याचा खेकडा असा दिसेनासा झाला. नेमकी त्याच वेळी वाळूच्या एका कोपऱ्यावर बुरशीची जाळी पसरली. खेकडा खाली मेला आणि त्याचीच ही बुरशी, असं बहिणीला वाटलं. उकरून बघायचा मोह घरातल्या प्रत्येकाला झाला. पण कात टाकणाऱ्या खेकड्याला उकरणं म्हणजे त्याला मारणंच. अंग मऊ असतं, बीळ ढासळलं की तो चिरडतो. मेलेला खेकडा वासाने कळतो. सडक्या मासळीचा तो वास लपत नाही. वास नव्हता. म्हणून आम्ही वरची फक्त अर्धा इंच वाळू चमच्याने उचलून टाकली, तिथे पुरलेला सफरचंदाचा तुकडा सापडला, तो काढला आणि थांबलो. ब्लीच नाही, फवारा नाही. सत्तेचाळीस दिवस भाचा रोज सकाळी शाळेत जाण्याआधी काचेला नाक लावून आकडा वहीत लिहायचा: 80, 79, 81. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी वाळू हलली.

ब्लीचविषयी आणखी सांगतो. ब्लीच, बुरशीनाशक फवारे, डांबरगोळ्या, डासांची कॉइल हे सगळं खेकड्याला विष आहे. कॉइलमधली कीटकनाशकं तर खेकडा-कोळंबीच्या जातीला फारच घातक. ऊद-लोबानाचा धूरही बंद पेटीत कोंडतो. ज्या घरात ओलसर कल्ल्यांनी श्वास घेणारा जीव आहे, तिथे हे उपाय त्याच्या खोलीपासून दूर ठेवावेत. रंगवलेले शंखही देऊ नयेत. रंगाचे टवके पोटात जातात. साधे, मोठ्या होत जाणाऱ्या मापाचे चार-पाच शंख पेटीत ठेवावेत.

हे ऐकून आपल्याकडच्या मुलांना मोह होईल. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर चालते शंख आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण ओहोटीच्या डबक्यांत दिसणारे आपले बहुतेक शंखखेकडे समुद्राचे आहेत. त्यांना भरती-ओहोटीचं पाणीच हवं. घरातल्या वाळूत ते टिकत नाहीत. काही शंख कायद्याने संरक्षित आहेत. याच कुळातला अवाढव्य नारळी खेकडा निकोबारच्या बाजूला आढळतो, त्यालाही 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावरचा खेकडा किनाऱ्यावरच पाहावा. रिकामे शंखही तिथेच राहू द्यावेत, ते कुणाचं तरी उद्याचं घर असतं.

आणि ज्यांच्या घरी परदेशात असा खेकडा आलाच आहे, त्यांनी एक लक्षात ठेवावं. या खेकड्यांची पिल्लं समुद्रात वाढतात, पाळलेल्या पेटीत त्यांची वीण क्वचितच यशस्वी होते. म्हणून दुकानातला बहुतेक प्रत्येक खेकडा कुठल्यातरी बेटावरून उचलून आणलेला असतो. निसर्गात तो तीस वर्षं जगू शकतो. काही महिन्यांत मरणारं खेळणं म्हणून तो विकला जातो, पण तो तसा जन्मलेला नाही. त्याच्यासाठी फार खर्च लागत नाही. घट्ट झाकण, तपासून घेतलेला आर्द्रतामापक, किल्ला होईल इतकी ओली वाळू, रोज उचललेलं उष्टं आणि न उकरण्याचा धीर एवढं पुरतं. आणि पेटीच्या कोपऱ्यात थोडी पांढरी बुरशी दिसली, तर लगेच घाबरू नका. आधी तिथलं अन्न शोधा.